श्वास मोजायचा आठवडा

मंगळवार, २ डिसेंबर

लिहायला बसले, कारण घरात या विषयावर सरळ बोलणं होत नाही. ऋचाच्या डॉक्टरांनी विचारलंय – कारखान्यांजवळ राहणाऱ्या मुलांच्या श्वासाचा अभ्यास चालू आहे, तिला घ्यायचं का? आठवडाभर कमरेला हवा तपासणारं छोटं यंत्र, सकाळ-संध्याकाळ नळीत फुंकर. औषध नाही, सुई नाही. शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं.

अनंत म्हणाला, "माझी पोरगी काय प्रयोगाचा उंदीर आहे?"

"उंदराला कोणी विचारत नाही. आपल्याला विचारलंय."

"हेडबाई, शाळा सुटली!" – आणि टीव्ही लावला.

गुरुवार, ४

नवऱ्याचं खरं कारण मला ठाऊक आहे. पिंपळे गुरव सोडून महाळुंग्याला यायचा हट्ट त्याचा. कंपनी दहा मिनिटांवर! इथे आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात ऋचाला दम्याचा पंप लागला. यंत्राने वाईट दाखवलं तर? कळूनसवरून इथेच राहायचं, हे त्याला झेपणार नाही. मलाही नाही. पण न मोजल्याने खोकला थांबत नाही.

शनिवार, ६

अभ्यासाकडून वर्षाली नावाची मुलगी आली. स्पष्ट बोलली, ते आवडलं. "ऋचाला लगेच काही फायदा नाही. पुढच्या मुलांना कदाचित होईल. मधेच सोडलंत तरी चालेल."

बारा वर्षांच्या मुलांची संमती वेगळी घेतात. ऋचाने विचारलं, "मी नाही म्हटलं आणि आई ओरडली, तर?" वर्षाली हसली. मी नाही. मग मला स्वयंपाकघरात पाठवलं – माझ्याच घरात! – आणि तिला एकटीला विचारलं.

ती हो म्हणाली. मी सही केली. अनंतने सगळ्यात शेवटी.

गुरुवार, ११

हसावं की चिडावं! सोमवारी यंत्र लागलं आणि अनंतचं ऑडिट सुरू झालं. कंपनीत ऑडिटर येणार म्हटलं की हा आधी कारखान्याच्या फरशीवरचे पिवळे पट्टे रंगवून घेतो. तेच इथे. उदबत्ती बंद. खिडक्या बंद. फोडणीवर झाकण. कामावर उशिरा जाऊन ऋचाला शाळेत सोडतो, बसऐवजी गाडीने, काचा वर करून.

आणि मी? रोज दोनदा फरशी ओल्या फडक्याने पुसतेय. कोणी सांगितलं होतं?

ऋचा शांतपणे म्हणाली, "आई, यात पास कोण होणार आहे?"

सोमवार, १५

वर्षाली यंत्र न्यायला आली. तिला सगळं सांगून टाकलं. अनंत माझ्याकडे बघतच राहिला.

"काकू, कंपनीवाल्यांच्या घरी असंच होतं," ती म्हणाली. "पुन्हा एक आठवडा करता? नेहमीसारखं राहून. सक्ती नाही."

"झालं तेवढं बास," अनंत.

माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. दाबलं. ऋचाकडे पाहिलं.

"करते. पण बसनेच जाणार. मैत्रिणी विचारतात, गाडी कशाला?"

बुधवार, १७

उदबत्ती लावली. झाडू मारला. नेहमीसारखं राहणंही ठरवून करावं लागतंय.

गुरुवार, १८

अनंतला या आठवड्यात सेकंड शिफ्ट. आज पहिल्यांदाच ऋचाला चौकात, शाळेच्या बसला सोडायला गेला. एरवी हा सहालाच बाहेर पडतो, नेहमी मीच जाते – आणि तिला उभी करून लगेच मागे फिरते.

परत आला तो बूट न काढताच बसला.

"मुलं तिथे श्वास रोखून उभी राहतात," म्हणाला.

"म्हणजे?"

"कंटेनर वळायला लागला की नाक दाबायचं. धूळ बसेपर्यंत जो श्वास रोखेल तो जिंकला. खेळ आहे त्यांचा."

बुटाची नाडी सोडायला वाकला. मग –

"ऋचा म्हणाली, बाबा, मी कधीच जिंकत नाही."

'हट्ट कोणाचा होता?' हे वाक्य माझ्याकडे दोन वर्षं तयार आहे. आज बोलता आलं नाही. चहा टाकला.

सोमवार, २२

वर्षालीला परत दिलं : यंत्र, पट्टा, चार्जर. अहवाल यायला चार महिने लागतील.

जागेच्या एजंटला दिली : या फ्लॅटची किल्ली, गिऱ्हाइकांना दाखवायला. अनंतने. मला न विचारता!