काल मी कॉर्विनदादाचं नाव घेतलं

आयोवा, ४ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

मी बरी आहे. तुमचे लोकरीचे मोजे रोज घालते. तुमची कंबर काय म्हणतेय?

नोकरीसाठी आले हे खोटं सांगितलं. राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या, विद्यार्थ्यांचं कर्ज माफ करू म्हणणाऱ्या बाईंचा मी प्रचार करतेय. सही केली की फेडायचंच, असं तुमचं म्हणणं, म्हणून लपवलं.

काल शाळेच्या जिममध्ये गाव जमलं. इथे मत द्यायचं म्हणजे आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ठरलेल्या संख्येपेक्षा कमी माणसं असली की तो कोपरा बाद, आणि आम्हाला एकच माणूस कमी पडत होता. तुमच्यासारखीच मळकी टोपी घातलेल्या एका आजोबांना मी गाठलं.

"बोलतेस छान गं, पण पैसे कुणाच्या खिशातून?"

"शेअरबाजारातल्या प्रत्येक सौद्यावर थोडा कर लावून."

"आणि मी पोटाला चिमटा काढून फेडलं, ते?"

पाठ केलेली उत्तरं संपली. मग सांगून टाकलं, दादाला पुरून तीन वर्षं झाली, तरी जामीन राहिलेले बाबा त्याच्या कॉलेजचे हप्ते अजून भरतायत.

आजोबा म्हणाले, "पोरी, तू इथे आहेस हे त्यांना माहीत आहे?"

मी नकारार्थी मान हलवली. ते आपल्या कोपऱ्यात परत गेले.

म्हणून हे पत्र.

तुमचीच,
डेला