पाय माझा, हात तुझे

ता. ६ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझे पत्र पावले. दोन महिन्यांसाठी म्हणून तू सहकुटुंब लेकीकडे गेलास, त्यास आज आठवा महिना लागला. ही तक्रार नव्हे. तारीख नजरेस असावी एवढाच हेतू.

लेकीच्या शेजारीण बाईंनी रजया शिवण्याच्या मशीनला टाक्यांचा रेग्युलेटर बसविला, तो कितपत उपयोगाचा, असे तू विचारलेस. दोरेवाल्याकडे चौकशी केली. सुईजवळ एक डबी बसवितात. कापड जसे सरकेल तशी ती सुई चालविते, म्हणून टाका लहानमोठा होत नाही. माझे मत असे की, ज्याच्या हातापायांचा मेळ नाही त्याने ती खुशाल घ्यावी. आपणांस ती कशास? चाळीस वर्षे पाय माझा, हात तुझे. तू पलीकडे उभा राहून कापड फिरवावेस, मी पायडल दाबावे, आणि इंचास आठ टाके पडावेत. पट्टी लावून पाहणारी गिऱ्हाइके मुकाट्याने घरी गेली आहेत.

सध्या डॉक्टरीणबाईंची मोठी रजई हाती आहे. एकट्याने करितो. काम ठीक चालले आहे. वहिनींची भांडी झाकून ठेवली आहेत. माझे एका ताटलीत भागते. तू कोणत्या तारखेस येणार ते कळवावे, म्हणजे बाईंस तसे सांगता येईल.

घरातील लहानथोरांस आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू द्यावा.

तुझा थोरला

ता. १९ जानेवारी

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. रेग्युलेटर म्हटल्यावर तुम्ही आधी पंख्याच्या बटणाकडे बघितलं असणार, अशी पैज मी हिच्याशी लावली होती. ही म्हणते, भाऊजी तसे नाहीत. पैज अजून मिटलेली नाही.

काम ठीक चाललंय असं तुम्ही लिहिलंत. दोरेवाल्याने मात्र फोनवर वेगळंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी रजई परत पाठवली म्हणे. टाके कुठे मुंगीएवढे, तर कुठे टोळाने उडी मारल्यासारखे. त्याच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं. तुम्ही फोन कानाला लावत नाही, मग माणसाने करायचं काय?

दादा, आता जे लिहितोय ते चार वेळा लिहून फाडलंय. मी परत येणार नाही. आम्ही दोघांनी इथेच राहायचं ठरवलंय. लेक कामावर जाते, तिच्या छकुलीला आमची सवय झाली आहे. मला तिची जास्त झाली आहे. तुमचं काम अडू नये म्हणून पार्सलने एक रेग्युलेटर पाठवतोय. आपल्या मशीनला बसेल अशी खात्री करून घेतली आहे.

रागवा, पण जेवण टाळू नका. माया कमी होऊ देऊ नका.

तुमचा धाकटा

ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पार्सल मिळाले. फोडलेले नाही. कपाटावर ठेविले आहे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले असले तरी या पार्सलाचा अर्थ मला लागतो. भाऊ जाणार, आणि त्याच्या जागी एक डबी उभी राहणार. पोचपावतीदाखल आभार मानावेत, तर तेवढे सौजन्य आज माझ्यापाशी नाही.

एक गोष्ट विचारितो, तिचे सरळ उत्तर द्यावे. माझे काय चुकले? दुकानाच्या पाटीवर दोघांचे नाव आहे. तुझ्या वाट्यास मी कधी कमी घातले नाही. कामाचे म्हणशील, तर तुझे हात ज्या वेगाने चालत त्याच वेगाने मी पाय चालविला. मी तुझ्या मागून चालत आलो, पुढून नव्हे.

रजई उसवावयास घेतली आहे. उसवण्यास एक माणूस पुरतो.

थोरला

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादांना शि. सा. न. वि. वि.

सरळ उत्तर मागितलंत, म्हणून देतो. तुमचा पाय माझ्या हातांमागून कधीच चालला नाही. माझे हात तुमच्या पायामागे धावत होते. चाळीस वर्षं.

तुम्हाला आठवत नसेल. एकदा मी हात उचलून पाणी प्यायला गेलो. तुम्ही खाली बघत पायडल दाबतच राहिलात. एकाच भोकात वीस-पंचवीस टाके पडले, दोऱ्याचा गोळा झाला आणि सुई मोडली. तुम्ही मला म्हणालात, मध्येच कुठे गेला होतास. मी हसलो होतो. घरी हिला सांगितलं तेव्हाही हसलो, पण ही हसली नाही.

तुम्ही वाईट वागलात असं नाही, दादा. माझा रागही नाही. मी दमलो. इथे सकाळी छकुली माझं बोट धरून दुकानापर्यंत चालते. वाटेत दर दगडापाशी थांबते, मग मीही थांबतो. एवढंच सुख आहे, पण त्याची मला लाज वाटत नाही.

पार्सल फोडा. एकदा बसवून बघा. नाही पटलं तर परत पाठवा, पण न बघता नको.

तुमच्या पायांवर डोकं ठेवतो. मन मोठं करा.

धाकटा

ता. २३ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

उत्तरास विलंब झाला. प्रकृती चांगली आहे. 

पार्सल फोडले. दोरेवाल्याने डबी बसवून दिली. तिला पायडल लागत नाही, असे तो तीनदा सांगून गेला. तरीही पहिले चार दिवस माझा पाय जमिनीवर दाब देत होता. मी पाय दाबावा आणि सुईने ढिम्म हलू नये. हात सरकविला तर ती चाले, हात थांबला तर थांबे. उशीएवढे दोन तुकडे वाया गेले. घाई केली की डबी शिट्टी वाजविते. मला कोणी शिट्टी वाजवून हळू चालावयास सांगितल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी हळू चाललो.

नंतर एके दुपारी कपाट हलवून, तू गेल्यावर भिंतीस टेकविलेले मशीन पुढे ओढले आणि तू उभा राहत होतास त्या बाजूस जाऊन उभा राहिलो. खिडकी तिकडून दिसत नाही. दिसते ती फक्त माझी खुर्ची. चाळीस वर्षे तुझ्यासमोर माझा चेहरा होता, आणि तो हसरा नव्हता, हे मला ठाऊक आहे. तेथे मी बराच वेळ उभा होतो. सुई मोडल्याचा प्रसंगही आठवला. तू लिहिलेस ते बरोबर आहे.

डॉक्टरीणबाईंची रजई पुरी झाली. त्यांनी पट्टी लावली नाही, नुसता हात फिरविला आणि ठेवून घेतली. सबब तुझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे : रेग्युलेटर उपयोगाचा आहे. ज्यास एकट्याने काम करावयाचे आहे, त्याने तो अवश्य घ्यावा. टाका इंचास आठ पडतो. दिवसभरात मशीनपाशी कोणाच्या श्वासाचा आवाज येत नाही, एवढाच फरक. त्यावर डबीपाशी इलाज नाही, आणि तो तिचा दोषही नाही.

तू परत ये, असे मी म्हणणार नाही. पुढील महिन्यात दुकान आठ दिवस बंद ठेवावे असे मनात आहे. तसे पूर्वी कधी केलेले नाही. त्या दिवसांत मी तिकडे आलो तर लेकीस व वहिनींस अडचण होईल काय, ते दोघींस विचारून मोकळेपणाने लिहावे. नको असेल तर तसेही लिहावे. सकाळी तुम्ही दोघे चालावयास जाता, तेव्हा मी मागून येईन.

माझ्या पांघरुणाची सोय करू नये. ते मी घेऊन येईन.

उत्तराची वाट पाहणारा,
तुझा थोरला