आरवणारे तेवढे काढले

दिग्रस, मंगळवार

तीर्थस्वरूप चारुदत्तभाऊ यांस,

श्रीकृष्णाचा नेरच्या दिशेला वाकून नमस्कार. तुमची साखर (रक्तातली) कह्यात असेल आणि वहिनींचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. इकडे मी ठीक, म्हणजे जेवतो आणि पडून राहतो. झोपेवरूनच हे सगळं रामायण घडलं, आणि त्याचं मूळ, राग मानू नका, तुमच्या गुंजनमध्ये आहे.

मागे एका दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. पोरगी पुण्यात जिवांचे गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे बदलतात याची गणितं मांडते, हे तुम्ही चारचौघांत अभिमानानं सांगता. पण ती गणितं म्हणजे नेमकं काय, हे तुम्हालाही ठाऊक नाही (खरं बोला). निवृत्तीनंतर मला दुपारची झोप प्यारी, आणि रत्नप्रभेला, म्हणजे तुमच्या बहिणीला, परसातले कोंबडे. ते ऐन माझ्या झोपेवर आरवत. मी कुरकुर केली तर गुंजननं लॅपटॉपच उघडला. बापाचा गुण पोरात किती उतरतो ते बघायचं, पुढच्या पिढीसाठी आपण कोणाला ठेवतो नि कोणाला वगळतो त्यानं ते गुणायचं, की पुढच्या पिढीतला फरक हाती येतो. "फुफाजी, दर पिढीत जास्त आरवणारे काढत गेलं, तर आरवणं असं खाली येईल," ती म्हणाली, आणि पडद्यावर एक रेघ घसरगुंडीवरून आल्यासारखी शून्यावर आली. पुढे ती "पण हे कागदावरचं झालं, खऱ्या परसात..." असं काहीतरी सांगत होती. तोवर माझा डोळा लागला.

मी कामाला लागलो. जो कोंबडा माझ्यादेखत आरवेल, तो भिंतीपलीकडच्या डोमाजीच्या पातेल्यात. (रस्सा तो पाठवायचा, शेजारधर्म म्हणून मी खायचो.) रत्नप्रभेला सांगितलं, मुंगूस नेतं. तिनं सापळा लावला. त्यात माझी चप्पल सापडली, डोमाजीचं मांजर सापडलं, एकदा तर खुद्द डोमाजी सापडला, पण मुंगूस काही सापडेना. वर ती म्हणायची, डोमाजीकडच्या रश्श्याला चव काही औरच!

पिढ्या बदलल्या, आणि भाऊ, चमत्कार झाला! मी खाटेवर पडलो की परसात चिडीचूप. कोंबडे चोच उघडायचे, माझ्याकडे बघायचे आणि मिटायचे. मी या वाणाचं नाव 'दिग्रसी मौनी' ठेवलं. मारेगावचे कोंबड्यांचे व्यापारी देवसिंगभाऊ मुद्दाम बघायला आले. चहा झाला, एकानंही हूं की चूं केलं नाही. मी कोपऱ्यावर पान आणायला गेलो. परत येतो तर देवसिंगभाऊ कानात बोटं घालून दारात उभे. "काय मौनी भाऊ! तुमी फाटकाभाईर पडले न् ह्यायनं बँडच सुरू केला!" भिंतीवरून डोमाजीची तानाबाई म्हणाली, "हे तं रोजचंच हाये. तुमी आले का गपचिप."

गुंजनला फोन लावला. ती पोट धरून हसली, मग एकदम गंभीर झाली. "फुफाजी, तुम्ही आरवणारे काढलेच नाहीत. तुमच्यासमोर आरवणारे काढले. उरले ते तुम्हाला ओळखणारे." तिनं तिच्या समीकरणात नवं अक्षर घातलं: फ. फ म्हणजे मी. (कोंबडे नुसते बघून शिकले असतील, असंही ती पुटपुटली, पण मग माझ्या अक्षराचं काय?)

स्वतःच्या घरात आपण एक अक्षर होऊन बसावं, हे मला लागलं. म्हटलं, फ नाहीसा करू. रत्नप्रभा भजनाला गेलेली. तिचं पोपटी लुगडं नेसलो, डोक्यावरून पदर घेतला आणि सूप घेऊन परसात बसलो. कोंबड्यांनी मला नीट न्याहाळलं, आणि भाऊ, सगळ्यांनी एकदम माना ताणून जी बांग दिली! मी तसाच उठून ओरडलो, "डोमाजी, मोठं पातेलं चढव! आज सगळेच!" वळून बघतो तर दारात रत्नप्रभा, आणि मागे अख्खं भजनी मंडळ. तिनं आधी लुगड्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. तिथून डोमाजीनं मदत म्हणून पळी उंच केली, "कांदा चिरूनच ठेवला हाये, साहेब!"

ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळच्या आत सगळे पक्षी टोपल्यांत भरून ती तुमच्याकडे नेरला निघून आली, हे तुम्हाला मी काय सांगावं.

वहिनींना नमस्कार. गुंजनला आशीर्वाद (तूर्त अर्धे).

तुमचा,
श्रीकृष्ण

ता. क. कोंबडे ठेवून घ्या आणि तिला तेवढी पाठवा, असं लिहिणार होतो. आता म्हणतो, सगळ्यांनाच पाठवा. घरात एवढं शांत आहे की झोपच येत नाही. शिवाय तानाबाईनं डोमाजीला माझ्याशी बोलायची बंदी केली आहे.

दुसरा ता. क. उत्तर पाठवू नका. पत्र पोस्टात टाकायला निघालो तर स्टँडवर दारव्ह्याची बस उभी दिसली, चढलो, आणि पुढं गाडी बदलून इथवर आलो. हे तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसून लिहून राह्यलो, टपरीवरच्या पोराच्या हाती पुढं धाडतो. तुमच्या परसातला कालवा इथपर्यंत ऐकू येतो. मी आलोय हे रत्नप्रभेला सांगू नका. मी फाटकाशी पोचलो की ते गप्प होतील, मग तिला कळेलच.