पुन्हा डीकन होणार म्हणजे होणारच

२ मार्च, रविवार
चर्चमध्ये उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं, तीन आठवड्यांनी डीकनची, म्हणजे मंडळीच्या सेवकाची, निवडणूक. बारा वर्षं मी डीकन आहे, निवडणूक कसली घेता? पण घ्या! मी कुणाला भीत नाही.

५ मार्च, बुधवार
पाळक म्हणाले, डीकनचं काम सेवेचं. आजाऱ्यांना भेटायचं, एकट्यादुकट्यांची विचारपूस करायची, प्रभुभोजनाचे द्राक्षरसाचे छोटे प्याले भरायचे, धुवायचे. मला शिकवतात! मी ठणकावलं, हे सगळं मी जातीने बघतो. (बायको करते. घर एकच ना?)
निश्चय: उद्यापासून रोज एक आजारी.

६ मार्च
पाय दुखतोय. आजाऱ्याने आजाऱ्याला काय भेटायचं?

८ मार्च, शनिवार, सकाळी ११
शिंपीमामांकडे निघालो. पाय मोडून खाटेवर आहेत. वाटेत सलून लागलं. उद्या सगळ्यांसमोर प्रार्थना चालवायची, दाढी नको करायला? मामा राहिले.

९ मार्च, रविवार
मामांसाठी सात मिनिटं गहिवरून प्रार्थना केली. प्रभू, त्यांना खाटेवरून उठव! मागून खोकला आला. मामा चौथ्या बाकावर. हातात काठीसुद्धा नाही. महिनाभर येताहेत म्हणे. लोक खुशाल हसले. प्रार्थना किती झटपट ऐकली गेली, त्याचं कुणाला काही नाही!
ही म्हणते, मामांना हाताला धरून मीच चालवत होते, तुम्हाला रोज सांगायचे. सांगितलं असेल. मला व्याप थोडे आहेत?

१५ मार्च, शनिवार
उद्याचे प्याले स्वतः भरायचं ठरवलं. ते कुठे ठेवतात हे विचारावं लागलं. बारा वर्षांत एकाने सांगितलं नाही. ढिसाळ कारभार!

२३ मार्च, रविवार
चिठ्ठ्या उघडल्या. मला दोन मतं. फेरमोजणी मागितली. दोनच. डीकन झाली आमची ही. ती उभीसुद्धा नव्हती, लोकांनी आपणहून तिचं नाव लिहिलं.
निषेध म्हणून तडक घरी जाणार होतो. तेवढ्यात माझ्या चिठ्ठ्या दिसल्या. एकीवर माझं अक्षर, दुसरीवर हिचं.
चर्चच्या मोरीपाशी ही प्याले धूत होती. विचारलं, मला का मत दिलंस? म्हणाली, तुम्ही एकटे पडाल असं वाटलं.
फार वाईट वाटलं. पण मी नमलो नाही. फडकं घेतलं आणि साठ प्याले पुसले. एक फुटला. फडकं ओलं होतं.