सुकेळी पोचवायला गेले तेव्हा

सांडोर, २६ एप्रिल

जयवंती,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तुझ्याकडे आलेलं टपाल सून उघडते.

भाचीने, कृतिकाने, सुकेळ्यांचे वीस पुडे मागितले होते. "मावशी, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा दिवस असतो, हॉलवर कार्यक्रम आहे," हे तिने वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. पुडे दारात ठेवून परतायचं, असं ठरवून मी गेले.

दारं सताड उघडी होती, जयू. आत साठेक बायका. आपल्याहून म्हाताऱ्या दोघी पंख्याखाली बसलेल्या. एक दुसरीच्या केसांतला गजरा सारखा करत होती, सगळ्यांदेखत, आणि कुणी वळूनही बघत नव्हतं. माझे पाय उंबऱ्यातच थांबले. आपण सुकेळ्यांसाठी राजेळी केळी उन्हात सुकत घालताना बोटाला बोट लागलं, तरी आधी घराच्या दाराकडे बघायचो.

दारातल्या मुलीने विचारलं, "काकू, एकट्याच आलात?"

चाळीस वर्षं मी या प्रश्नाला हो म्हणत आलेय. आज नाही म्हणाले.

तिने दोन खुर्च्या मांडल्या. हॉल भरला, मुली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, तरी दुसरीवर मी कुणाला बसू दिलं नाही.

तुझी,
रुक्मिणी