कडब्यावरचे आबा

बारामती,
२ मे २०२५

चि. छकुली हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

नावाआधी 'सौ.' लिहायला हात गेला आणि थांबला. वर्ष होत आलं तरी सवय जात नाही.

इकडे सगळे बरे आहेत. लग्नसराईमुळे मशीनला उसंत नाही, दिवसभर फ्लेक्स छापतोय. तुझ्या वृषालीवहिनीनं तुझ्यासाठी कुरडया बाजूला काढून ठेवल्यात.

परवा सणसरला आईकडे गेलो होतो. आबांच्या पुण्यस्मरणाचा तो फ्लेक्स तिनं कडब्यावर झाकलाय. उन्हात लाल आणि पिवळी शाई आधी उडते, निळी मागं राहते. आबांचं तोंड पार निळं पडलंय. खालून वारा शिरला की गाल फुगतात, मग बसतात. आई म्हणाली, "ह्यास्नी धाप लागलीया बघ. काढू नगंस, ऱ्हाऊ दे हितंच." मी न जेवताच निघालो.

बिरदेवदाजींच्या वर्षश्राद्धाला फ्लेक्स कर, असं तू फोनवर म्हणालीस. मी हो म्हणून फोन ठेवला. बोलायचं वेगळंच होतं, पण तुझा आवाज ऐकला की माझी जीभ उचलत नाही. म्हणून हे पत्र.

मोठ्या फ्लेक्सला आम्ही ब्लेडनं अर्धगोल चिरा पाडतो. वारा त्यातून निघून जातो. चिरा नसल्या तर सगळा वारा कापडावर अडतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हे मी धंद्याच्या पहिल्याच महिन्यात शिकलो. नवरदेव असो की पुढारी, तोंड मध्ये आलं म्हणून मी कधी थांबलो नाही. पण गेल्या वर्षी आबांच्या कपाळाशी ब्लेड नेलं आणि चीर न पाडताच मिटवून खिशात घातलं. बापाचं तोंड होतं गं ते.

फाट्यावर त्या फ्लेक्सचा बांबूचा सांगाडा बांधताना दाजींनी विचारलं होतं, "दादा, ह्याला चिरा न्हाईत व्हय?"

"दोन दिसाचं तर काम हाय, बांधा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. दाजी खालीच पाहुण्यांची वाट बघत उभे होते.

तेव्हापासून अंथुर्ण्याला तुझ्या सासरची माणसं म्हणतात, त्यानंच ढिलं बांधलं आणि त्याच्याच अंगावर आलं. हे मी त्यांच्या ओट्यावर बसून, त्यांचा चहा पीत ऐकलंय. छकुले, तारा ढिल्या नव्हत्या. मी स्वतः पाहिल्या. एकही सुटली नव्हती, बांबू मोडले होते. कापड तर जरासुद्धा फाटलं नव्हतं. दाजींचं काम चोख होतं. चूक माझी होती, आणि वर्षभर मी ती त्यांच्या नावावर राहू दिली.

हे पत्र सासऱ्यांना वाचून दाखव. तुला जमणार नसेल तर वर्षाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी सांगेन.

दाजींचा फ्लेक्स तयार आहे. सकाळी चिरा पाडल्या. एक कपाळावर आली, एक गालावर. एकही सोडली नाही.

राखीला येऊ का, हे विचारायचं तोंड मला नाही.

आबांच्या तोंडाला जपणारा,
तुझा दादा
अविराज