परक्या गलबताचं शीड

प्रिय खारूताई,

तुझी तब्येत कशी आहे? बाळंतपणानंतर कंबर धरली होती, ती सुटली का? बाळाला दात आला, की अजून नुसत्या हिरड्यांनीच घरादाराला चावतंय? आमचे जावई, म्हणजे तुझा तो नकाशेवाला, दिवसभर वाकून रेघा ओढत असतो म्हणे. त्याच्या मानेला जरा ऊन दाखवत जा. आणि विहीणबाईंचे गुडघे? त्यांना सांग, कुरकुरतात आमचेही. मध्ये समुद्र पडला म्हणून म्हातारपण काही निराळं नसतं. इकडे तुझी आई ठणठणीत आहे, तिची जीभ तर त्याहून. मीही बरा आहे. फक्त डोळ्यांनी दगा दिलाय. दाभणात दोरा ओवायला आईला हाक मारावी लागते, आणि ती काही पहिल्या हाकेला येत नाही.

माझं अक्षर बघून तू दचकली असशील. तीन वर्षांतलं माझं हे पहिलं पत्र. तू सगळी पत्रं आईच्या नावानं धाडतेस, तिला वाचता येत नाही म्हणून वाचून दाखवतो मी. शाळेचं तोंड मीही पाहिलं नाही, पण शिडांच्या गठ्ठ्यांवर लिहिलेली गलबतांची नावं लावता लावता अक्षरं हाताशी आली. तुझ्या पत्रांत माझ्यासाठी ओळ नसते. मग मी एखादी पदरची घालायचो, ‘बाबांना जपून राहायला सांग’ अशी. तेवढंच आईला बरं वाटेल म्हणून. चौथ्या पत्रात जरा जीभ सैल सुटली आणि मी माझ्या शिवणीचं कौतुकही घातलं. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “नऊ महिने मी वागवलंय तिला. एवढी गोडबोली पोर माझी नव्हे. पुढचं वाचा.” म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं बाईला!

परवा धक्क्यावरचा नवा कारकून वही घेऊन आला. पहिलं परकं गलबत आलं त्या दिवसांची हकीकत आता लिहून ठेवतायत. मी सगळे सांगतात तशीच सांगितली. पलीकडे नुसतं पाणीच आहे असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो, आणि एका सकाळी त्या पाण्यातून माणसं आली. मोठं शीड वरपासून खालपर्यंत फाटलेलं. आपल्याला वाटलं, वादळात सापडले बिचारे. शीड उतरवून माझ्याकडे आणलं, मी दोन दिवस खपून ते शिवलं, घडी घालून परत केलं. ते बघून त्यांचे चेहरेच उतरले आणि ते मुकाट्यानं शीड चढवून नांगर ओढायला लागले. पाणी पोचवायला जाता-येता त्यांचे चार शब्द तू उचलले होतेस, म्हणून तू त्यांना विचारलंस आणि तुला एकटीला कळलं. परक्या किनाऱ्याला लागलं की ते आपलं शीड आपल्या हातानं फाडतात. आम्ही तुमच्या हवाली, तुम्ही म्हणाल तेव्हाच जाऊ, असा त्याचा अर्थ. ते शिवून परत करणं म्हणजे चालते व्हा म्हणणं. तू माझीच सुरी घेऊन होडीनं गेलीस, डोलकाठीवर चढलीस आणि सगळ्या बंदरादेखत माझा टाका न्‌ टाका उसवलास. ते थांबले. आज त्यांची मुलं आपल्याकडे शिकतात, आपली त्यांच्याकडे, ते त्या उसवण्यामुळे.

मी काय म्हणालो तेही सगळ्या बंदरानं ऐकलं होतं. ‘माझी शिवण उसवणारी माझी मुलगी नाही.’ कारकुनाला ते कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसलं, कारण त्यानं विचारलं नाही, नुसती मान खाली घातली. तू वर्षभरासाठी म्हणून त्यांच्याबरोबर गेलीस आणि तिकडचीच झालीस.

पण एक गोष्ट मी कारकुनाला सांगितली नाही, तुझ्या आईलाही नाही. वाऱ्यानं फाटलेल्या कापडाचे धागे लोंबतात गं. ती फाट सुरीची होती, सरळ. शीड मांडीवर घेताच मला ते कळलं होतं. चाळीस वर्षं याच धंद्यात गेली, मला नाही कळणार? मनात आलंही, की हे मुद्दाम केलंय, कुणाला तरी विचारावं. पण एवढं मोठं शीड, असं कापड मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि साऱ्या गावाचे डोळे माझ्या हातांकडे. म्हटलं, बघू देत परक्यांना आपलं काम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. म्हणजे तू टाके उसवलेस तेव्हा मला राग शिवणीचा आला नव्हता. तू एकोणीस वर्षांची पोर, तुला विचारायचं सुचलं, आणि मला सुचूनही मी गप्प बसलो, त्याचा आला होता. तो तुझ्यावर काढला. चूक माझी होती, पोरी.

आता का लिहितोय ते सांगतो. चार महिन्यांनी वारा फिरला की मोठं गलबत तुमच्याकडे निघेल. तिकडच्या मुलांना शिवण शिकवायला कुणीतरी जाणतं माणूस हवंय. डोळे नसले तरी बोटांना अजून सगळं दिसतं, म्हणून धक्क्यावरच्यांनी मला विचारलं. आईनं तर बोचकंही बांधलंय. पण दोन्ही किनाऱ्यांनी केलेला करार तुला माहीत आहे : तिथल्या कुणाच्या हातचं बोलावणं असल्याशिवाय जमिनीला पाय लावायचा नाही. जावई लिहितील, विहीणबाईही लिहितील, मनाच्या मोठ्या आहेत. पण ते घेऊन मी येणार नाही. मला तुझ्या हातचं हवं. एकट्या आईला बोलावलंस, तर मी स्वतः तिला गलबतावर चढवून देईन आणि मनात काही धरणार नाही. थोडं धरीन, पण चेहऱ्यावर दिसू देणार नाही. हे पत्र आणणारं लहान गलबत तुमच्या बंदरात आठच दिवस थांबतं. बाळ झोपलं की तेवढ्यात बस, आणि जे काही लिहायचं ते लिही, पण लवकर लिही.

तुझाच,
बाबा